देवापुढची पणती

यार, तुम्ही हसाल, पण माझी पाचावर धारण बसली होती. व्हेपोरायझरमधली सिरॅमिकची वाटी, ज्यात गांजाचा अर्क तापवतात ती, मी साफ करायला अल्कोहोलमध्ये भिजत ठेवली होती. फ्रीमाँटला माझ्याकडे राहायला आलेल्या आईने ती पणती समजून बाहेर काढली, पुसली आणि देवापुढे लावली.

परत जाताना विमानात बसल्यावर तिचा मेसेज आला, "तुझी पणती आठवण म्हणून नेतेय."

वाटी अजून अर्काने चिकट होती. मुंबईहून तिचा फोन येईपर्यंत मी तिचं विमान कुठे पोचलं तेच बघत बसलो.

"कस्टमवाल्याने पणती हुंगून बघितली रे."

"मग?"

"मी म्हटलं, मुलाच्या देव्हाऱ्यातली आहे. त्याने कपाळाला लावून परत दिली."