रिकामा रिमोट

— न्हाय न्हाय पावणं, आण्णा आता हिकडं येत न्हाईत. तुम्ही निपाणीसनं खास त्यास्नी भेटायला आलासा ते खरं, पण क्लब आता मी बघतो. मी शशिधर. राजारामपुरीत हार्डवेअरचं दुकान हाय आमचं. बसा की, त्या खुर्चीवर ऊन न्हाई लागायचं. मी उभाच ऱ्हातो, विमान वर हाय माझं. आजारी? आजारी म्हंजे, हात कापत्यात. चहाची बशी हातात दिली की अशी वाजायची, आणि पोरं तोंड फिरवून हसायची. मी बी हसायचो, खोटं कशाला बोलू. तुम्हाला शिबिरात विमानाचं पंख चिकटवायला त्यांनी शिकवलं म्हणताय — व्हय, शिकवलं असणार. आम्हाला सगळ्यास्नी त्यांनीच शिकवलं. पाटबंधारे खात्यात होते, राधानगरीच्या धरणावर नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर पंचायतीच्या मागं लागून ह्यो माळ मिळवला. रिमोटवरची विमानं उडवायचा क्लब — कोल्हापुरात तवा कुणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणायचे, म्हातारा खेळण्यासंगट खेळतोय. आण्णा म्हणायचे, खेळणं जत्रेत मिळतं, ह्ये विमान हाय.

पर शिबिरातले आण्णा येगळे आणि रविवारचे येगळे. माझं पहिलं विमान त्या पलीकडच्या उसात पडलं. सगळ्यांच्या म्होरं मला तुकडे येचायला लावले. एकेक तुकडा आणायचा, वर धरायचा आणि मोठ्यानं सांगायचं — हा पंख होता, ही शेपटी होती. लोक हसायलेत आणि मी आपला सांगतोय. वर आणि म्हणायचे, दुकानदाराचा हात हाय बाबा, खिळं मोजायचा, त्याला हवेतलं काय कळतंय. म्होरं मी शिकलो, चांगलं उडवाय लागलो, तरी तेच. विमान उतरवलं की म्हणायचे, पोतं टाकल्यागत उतरलं. मी काय मनाला लावून घेतलं न्हाई. गुरू माणूस. — घेतलं असंल थोडं. ते सोडा.

तर हात कापाय लागल्यावर एकदा त्यांचं विमान बघ्यांत शिरलं. कुणाला लागलं न्हाई, पर एक बाई पोराला छातीशी धरून खालीच बसली. मग बैठक घेतली आणि ठरवलं, आण्णांनी आता उडवायचं न्हाई. कुणी मांडलं म्हणजे? मीच मांडलं. कुणीतरी मांडायलाच पायजे की. आण्णांनी ऐकून घेतलं. तरी रविवारी येऊन बसायचे, वर बघत.

मग एक दिवस बनाकाकू दुकानात आली — आण्णांची बायको. म्हणाली, "शशी, सव्वीस जानेवारीला क्लबचा कार्यक्रम हाय न्हवं, त्यात त्यास्नी एकदा उडवू दे. घरात धड जेवंनात, बोलंनात. पर विमान पडाय नको बाबा, तेवढं तू बघ." आता हात कापणाऱ्या माणसानं उडवायचं आणि पडाय बी नको — कसं? तर डोकं लढवलं. आमच्या रिमोटात नखाएवढा एक क्रिस्टल असतोय, तो ज्या रिमोटात, त्याचंच विमान ऐकतंय. आण्णांच्या रिमोटातला काढला आणि माझ्यात घातला. त्यांच्या रिमोटाचा दिवा लागतोय, अँटेना वर, सगळं दिसायला बरोबर — पर आतनं रिकामा. मी जीपच्या मागं उभा राहून उडवायचं. बनाकाकूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चालतंय. त्यास्नी कळलं न्हाई म्हंजे झालं."

आणि काय उडवलं हो त्या दिवशी. मी उडवलं, पर बघणाऱ्याला वाटावं आण्णाच. मी डावीकडं वळवलं की त्यांचा अंगठा मागनं डावीकडं जायचा. त्यास्नी वाटायचं विमान अंगठ्यामागं जातंय. गोल मारला, उलटं केलं, धावपट्टीवरनं एवढं खालनं काढलं. बनाकाकू पदरानं डोळं पुसायली. मग उतरवलं — कापूस पडल्यागत. इंजिन चालूच होतं, फटफटत पट्टीवर उभं. आण्णांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि माईक घेतला. वाटलं क्लबबद्दल दोन शब्द बोलतील. तर म्हणाले, "बघितलासा? ह्याला म्हणत्यात हात. आमच्या शशीनं एवढी वर्षं उडवून त्याचं विमान आजून पोत्यागतच उतरतंय." सगळा माळ हसला. माझी बायको बी तिथंच होती.

मी काय केलं न्हाई. अंगठा म्होरं ढकलला, बस्स. विमान पळालं आणि उडालं. आपलं आपण. आण्णा माईकवर बोलतच होते, मग थांबले. विमानाकडं बघितलं, मग टेबलावरल्या रिमोटाकडं. मी जीपच्या मागनं बाहेर आलो, सावकाश, रिमोट हातात, सगळ्यास्नी दिसंल असा. एक गोल मारला आणि उतरवलं, आण्णांच्या पायापाशी, पहिल्यापेक्षा चांगलं. आणि थांबलो. म्हटलं आता तरी म्हणतील. एकदा म्हणायला काय जातंय, चांगलं उतरलं म्हणून. — न्हाई म्हणाले. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. बनाकाकूकडं बघितलं. आणि तिनं मान खाली घातली, तिथंच सगळं कळलं त्यास्नी.

तवापास्नं ते तिच्याशी बोलत न्हाईत. एका घरात ऱ्हात्यात, ती ताट वाढती, हे जेवत्यात, शब्द न्हाई. मागच्या दिवाळीत ती परत दुकानात आलती. गिऱ्हाईकं होती, त्यांच्या मागं उभी ऱ्हायली, सगळी जाईस्तवर. मग म्हणाली, "शशी, एकदा घरला ये आणि त्यास्नी सांग, बनाला ह्यातलं काय ठाऊक नव्हतं. तुझं एकट्याचं काम होतं म्हण. तेवढं खोटं बोल माझ्यासाठनं." मी म्हटलं, काकू, एकदा खोटं केलं ते तुमच्याच सांगण्यावरनं, आता आणि नको. गेली बिचारी. जाताना पायरीवर अडखळली, पर पडली न्हाई.

का म्हणजे? मला काय जड होतं जायला — काय जड नव्हतं. चालत जाण्याएवढं घर. पर आण्णांनी मला सांगावा धाडला असता, शशी ये म्हणून, तर गेलो असतो की. आजून बी जाईन. त्यांनी बोलवू दे. असं काय बघताय? तुम्ही येचलेत का तुकडे सगळ्यांच्या म्होरं?

उठलासा? चहा सांगितलाय की. — बरं, ऱ्हायलं. पत्ता? गणपतीच्या देवळाच्या मागची गल्ली, हिरवं फाटक. दार बनाकाकू उघडंल. माझ्याकडनं आलाय म्हणून सांगू नका.

जावा. पर पट्टीवरनं नको, कडंनं जावा. विमान उतरवायलोय मी.