मधला खण

— नाही, वायर सैल नाही. वायर मी स्वतः दाबून पाहिली तुम्ही यायच्या आधी, आणि तुमच्या त्या पेटीच्या पाठीत दोन थपडाही घालून पाहिल्या. भरतकामाचं मशीन माझं ठणठणीत आहे, भाऊ. सुई चालते, दोरा तुटत नाही. बिघाड आहे तो तुम्ही वर बसवलेल्या पेटीत, आणि पेटीतला प्रोग्राम लिहिलाय तुम्ही, म्हणजे बिघाड कुणात ते समजून घ्या. हसू नका. हसण्यासारखं काही घडलेलं नाही या घरात.

ही बघा नावाची पट्टी. माझ्या नातीच्या युनिफॉर्मवरची — लेकीनं ब्लेडनं उसवली, रागात, कापडाला भोक पाडून. वाचा. मोठ्यानं नको, ती आत इस्त्री करतेय. पहिलं नाव पोरीचं, बरोबर. पुढं बापाच्या नावाच्या जागी काय आलंय? आडनाव. आणि आडनावाच्या जागी? कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचं आडनाव! का, तर पोरीच्या आधी त्याच्या कोटाची पट्टी काढली होती मी. आता वर्गातली पोरं सोडतात होय? "लाँड्रीवाला तुझा बाप का गं?" — अख्खी मधली सुट्टी. आणि पोरांचं एक वेळ सोडा, त्यांच्या आया! जावई घर सोडून गेलाय हे गल्लीला ठाऊकच होतं, आता त्यांना कारणही मिळालं, तेही निळ्या दोऱ्यानं भरलेलं. तो बिचारा लाँड्रीवाला शटर अर्धं ओढून बसतो. पोर म्हणते, मी शाळेतच जात नाही. आणि लेक म्हणते, आई, त्या पेटीवाल्याला बोलाव, हे झालंच कसं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. तेवढ्यासाठी बोलावलंय तुम्हाला. आत जायचं आणि सांगायचं — चूक पेटीची. झालं.

मागच्या खेपेलाही हेच. ती दातांची डॉक्टरीण आली, आगगाडीएवढं आडनाव घेऊन — ॲप्रनवर निम्मं नाव निळं, निम्मं हिरवं! तेव्हा काय म्हणालात? नाव पेटीतल्या त्याच्या खणात मावलं नाही, शेजारच्या खणात सांडलं, तिथं दोऱ्याच्या रंगाचा नंबर होता, तो बुडाला. मोजायचं राहून गेलं, आता मोजूनच भरतो, आता सगळं सुरक्षित आहे. कपाळ सुरक्षित!

हं, आता काय म्हणताय? हळू सांगा, मी चौथीपर्यंत शिकले, पण बहिरी नाही. — ओळ तुटते उभ्या रेघेवर. बरं. ते माहितेय, रोज तेच टाइप करते: नाव, रेघ, बापाचं नाव, रेघ, आडनाव. तीन तुकडे, तीन खण. — आणि दोन रेघा शेजारी शेजारी आल्या तर तुमचा प्रोग्राम त्यांना एकच धरतो? का? मध्ये काही नाही म्हणून? अहो, ते 'काही नाही' मुद्दाम ठेवलेलं असतं ना तिथं! तुम्ही ते गिळलंत, आडनाव मधल्या खणात ढकललंत, तिसऱ्यात काही पडलंच नाही, आणि आधीच्या पट्टीतला लाँड्रीवाला तिथंच बसून राहिला आरामात. खण आधी पुसायचा नाही? — वाटलं, तिन्ही तुकडे येतीलच. वाटलं! सगळ्यांच्या घरी तिन्ही असतात, असं वाटलं तुम्हाला.

— काय? मधलं रिकामं आलंच कसं? आलं असेल. लेकीनं घाईत टाइप केलं असेल. — नाही, घाई नाही करत ती. तिनं नीट भरलं होतं, तिन्ही. त्याचंसुद्धा. पडद्यावर ते नाव दिसलं आणि माझं डोकंच फिरलं — पोर तापानं फणफणली तेव्हा ज्यानं एक फोन केला नाही, त्याचं नाव मी माझ्या सुईनं भरायचं? आणि पोरीनं ते रोज छातीवर मिरवायचं? पुसलं. एकेक अक्षर मागं घेत पुसलं आणि दाबलं बटण. आडनाव तेवढं राहू दिलं, शाळेत तेच लागलंय. पट्टी कशी आली ते बघायलाही थांबले नाही, तशीच टाचून टाकली. — असं काय बघताय? चूक पेटीचीच! मी रिकामं ठेवलं होतं, लाँड्रीवाला नव्हता घातला. रिकामं ते रिकामंच राहायला हवं होतं. आत तेवढंच सांगा. बाकीचं तुमच्या-माझ्यात.

— आणि आता हे काय विचारताय? तुकडा रिकामा आला तर पेटीनं काय करायचं, जागा सोडून पुढं जायचं की थांबायचं? थांबायचं! दुरुस्तीच करताय तर नीट करा. पडद्यावर येऊ दे — इथं काही नाही, असंच हवंय ना? ज्याची पट्टी त्याला विचारल्याशिवाय सुई हलता कामा नये. स्वतःच्या मनानं घालायचं नाही, स्वतःच्या मनानं काढा—

काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

…अगं. झाली इस्त्री?

भाऊ, राहू दे ती पेटी तशीच. बटण बंद करा आणि निघा तुम्ही.