उजवी कळी

दाजी गोविंद गुरव, वय ४९ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा शेती व ग्रामदेवीची पूजा, रा. देऊळकोंड, ता. रोहा, जि. रायगड.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मागच्या पंधरवड्यात सोमवारी सकाळी मी देवीची पूजा आटोपून कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातील मोरू धोंडू दळवी यांचा मुलगा आदेश तापाने पडून होता. त्याला बरे वाटेल का, एवढेच विचारायचे ठरले होते. कळ्या लावल्यावर मोरूने मागून मोठ्याने विचारले, "बायजीनंच केलंय का?" बायजाबाई या त्यांच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या विधवा आहेत. त्यांनी मुलावर करणी केली, असा मोरूचा संशय होता. उजवी कळी पडली.

मोरू म्हणाला, "पडली रं, दाजी. आता तुझ्या तोंडानं सांग."

मी म्हणालो, "पडली, मी पाहिली. पण हे मी देवीच्या तोंडी घालणार नाय."

देवीपरीस गुरव शाणा झाला, असे जनू दळवी म्हणाला. लोक हसले.

त्याच संध्याकाळी मोरू, जनू व माझा सख्खा धाकटा भाऊ केरू यांनी बायजाबाईंना घरातून ओढत देवळाच्या पायरीपाशी आणले. मोरू व जनू यांनी काठीने मारले. केरूने बायजाबाईंचे हात धरले होते. मी मध्ये पडलो, तेव्हा माझ्या मनगटाला मार लागला. गावातला रिक्षावाला आला नाही. वरसे येथून रिक्षा मागवून त्यांना रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. त्यांचा पाय मोडला आहे.

आदेशला पेणच्या दवाखान्यात कावीळ निघाली. आता उतार आहे. बायजाबाईंना मार बसला म्हणून उतार पडला, असे गावात बोलतात.

गावकीने पूजा माझ्याकडून काढून केरूकडे दिली. आमच्याशी कोणी बोलत नाही. बाई पायरीवरून पडली असे सांगितल्यास पूजा परत मिळेल, असा निरोप आला. नंतर केरू स्वतः घरी आला. "दादा, मी नुसतं हातच धरलं व्हतं," म्हणाला. माझी पत्नी अनिता हिने चहा दिला, तो पिऊन गेला. त्याचे नाव सांगावे लागेल म्हणून मला येथे येण्यास उशीर झाला.

विचारल्यावरून सांगतो की, मी कौल मानतो. माझ्या लग्नालाही घेतला होता. ती कळी का पडली ते मला कळलेले नाही. तरी बाईला मारणे योग्य नव्हते.

आज सकाळी बायजाबाईंना दवाखान्यातून सोडले. त्यांना माझ्या घरी ठेवून मी येथे आलो. अनिताने "किती दिस?" एवढेच विचारले.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच लिहिला आहे. केरूच्या नावापाशी मला पुन्हा विचारण्यात आले. ते नाव मीच सांगितले आहे, तसेच ठेवावे.