दहाव्याच्या दिवशीची गाडी

रतनबाई : तसं न्हाई बाई, राग न्हाई माझा. पन संगमावर सगळं गाव आलं, पाव्हनेरावळे आले, शिंगणापूरचे फुलवाले आले. तुमीच तेवढ्या दिसल्या न्हाईत. ज्यांच्या नादानं ह्यांनी 'गाडीत बसा, गाडीत बसा' करत गाव पालथं घातलं, त्याच बाई न्हाईत!

यशोधरा : मी यायलाच निघाले होते, मावशी. शाळेत रजा टाकली आणि नगरहून सकाळच्या एसटी गाडीत बसले. आबांच्या दहाव्याला संगमावर उतरायचं, असंच ठरवलं होतं.

रतनबाई : मग? बायका म्हनत हुत्या, त्यांच्यात पिंडबिंड न्हाई, म्हनून आल्या न्हाईत. मी म्हनलं, आमची बाई तसली न्हाई. ह्या चुलीपाशी बसून भाकर खाल्लीया त्यांनी.

यशोधरा : छे हो, आबांसाठी मी कुठंही आले असते. सांगते सगळं. आधी तुम्ही सांगा. कावळा लवकर शिवला का?

रतनबाई : कशाचा लवकर! उन्हं वर आली तरी शिवंना. फांदीवर बसून निस्ता बघायचा. भावकीनं सांगितलं, रतनबाईला अंतर देनार न्हाई. ढिम्म. जावयानं सांगितलं, मोसंबीला पानी कमी पडू देनार न्हाई. ढिम्म. मंग माझ्या ध्यानात आलं. ह्यांचा जीव ना माझ्यात अडकलाय, ना मोसंबीत.

यशोधरा : गाडीत.

रतनबाई : त्या मेल्या गाडीतच! दोन सालं उन्हानं मोसंबीचा बहार गळला, आन तुमी ह्यांना सांगितलं, धुरानं धरनीचा ताप वाढतोय. झालं! पाटं उठून फाट्यावर. गाडी आली की खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायची आन जीपकडं निघालेल्या मानसाला वढून आनून तिथं बसवायचं. सोता दांडीला धरून उभं. एकदा मी म्हनलं, तुमी बसा की कवातरी. तर म्हनले, मी बसलो तर एक मानूस जीपमदी जाईल.

यशोधरा : मला म्हणायचे, तिकडं जपानात धूर कमी करायला देशोदेशीची माणसं जमली, त्यांना जमतंय का बघू. आपल्याला एक गाडी भरायची आहे.

रतनबाई : आन घरात पोराचीच भाड्याची जीप! तुमी शाळंत पोरांना दाखवाया जीपच्या धुराच्या नळीला पांढरा रुमाल धरला, तो काळाकुट्ट झाला, आन ह्यांनी तो नेऊन पारावर टांगला. तवापासून गोरख बापाशी बोलंना.

यशोधरा : ती गोरखची जीप आहे हे मला खरंच माहीत नव्हतं हो.

रतनबाई : ह्यांना हुतं. म्हनले, दुसऱ्याची कशाला, आपल्या घरचीच दाखवा. ऐका पुढं. कुनाचंच चालंना, तवा गोरख पुढं झाला. हात जोडले आन म्हनला, आबा, तुमची सस्ती गाडी बंद पडू देनार न्हाई, समद्या गावाला तिच्यातच बसवीन. शब्द तोंडातनं निघाला न निघाला, कावळा खाली! लई रडलं गाव. बापलेकांचं भांडन तिथं मिटलं, बाई. तेवढ्यात पुलावर हारन वाजला, चांगला लांबडा. पन कोन बघतंय मागं? समद्यांची नजर पिंडावर.

यशोधरा : मावशी, तो आपल्या गाडीचा हॉर्न होता. ड्रायव्हरनं आबांसाठी वाजवला. मी होते गाडीत.

रतनबाई : गाडीत हुत्या? मंग उतरल्या का न्हाईत?

यशोधरा : डेपोच्या साहेबांनी भाडं कमी केलं तेव्हा काय सांगितलं होतं, आठवतं? पावसाळ्यापर्यंत बघू. मधेच एक दिवस न सांगता माणूस पाठवू. गाडी भरलेली दिसली तर भाडं कायम, नाहीतर जुनं.

रतनबाई : व्हय. त्याच्याचसाठी तर हे उर फुटंस्तोवर...

यशोधरा : तो माणूस त्याच दिवशी आला. नगर सोडल्यावर उतारू कमी कमी होत गेले. मला वाटलं, तुमच्या फाट्यावर गाडी भरेल. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. मी उतरले असते तर गाडीत एकही उतारू उरला नसता. म्हणून नाही उतरले.

रतनबाई : गावातनं कुनीच न्हाई? एक बी मानूस न्हाई?

यशोधरा : गाव नदीवर होतं, मावशी.

(गोरख मघापासून दाराशी उभा होता. डोईवर ताजं मुंडण, हातात जीपची किल्ली. रतनबाईंची नजर आत्ता त्याच्यावर गेली. हे एवढं तरी पोराच्या कानी पडायला नको होतं.)

गोरख : जीपा मीच ठरवल्या हुत्या, बाई. माझी आन दोस्तांच्या. कुनाकडून भाडं घेतलं न्हाई. आबाच्या दहाव्याला मानसं ताटकळू नयेत, एवढंच डोक्यात.

यशोधरा : मी तुला बोल लावत नाही रे.

गोरख : गाडी तर संगमावरनंच जाती! आमच्या मागनंच आली आसंल. कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई? एवढ्या मानसांत एकाच्या बी?

रतनबाई : माझ्या बी न्हाई आलं, लेकरा. मी बी तुझ्याच जीपमदी बसले हुते.

गोरख : त्यांना म्हनावं, पुन्यांदा मोजा. उद्या या. मी समद्या गावाला घेऊन फाट्यावर उभा ऱ्हातो.

यशोधरा : विनवलं मी, गोरख. माणूस वाईट नव्हता. पुलावर गाडी थांबवायला लावली, टोपी काढून हात जोडले. म्हणाला, कुणी मोठा माणूस गेलेला दिसतोय. पण बाई, गाव जीपनं आलंय हे मला इथून दिसतंय. मी दुसरं काय लिहू? आज डेपोतून निरोप आला. उद्यापासून जुनं भाडं.

गोरख : म्हंजी मी तिकडं हात जोडून शब्द देत हुतो, आन वर पुलावर...

रतनबाई : गप. नको बोलू.

गोरख : कावळा शिवला, आई! आबांनी खरं मानलं माझं!

रतनबाई : मानलं ना? मंग झालं तर. त्यांना कळायच्या आत गेले ते. बरं झालं.

गोरख : उद्यापासून जीप बंद. ही घे किल्ली.

रतनबाई : आन लोकांनी जावं कशानं? महाग गाडीत कोन बसनार हाय? बाळंतनीला नेवाशाला न्यायचं कशात? चालव. चालवावीच लागंल. तो रुमाल तेवढा पारावरनं काढून आन, मला बघवायचा न्हाई.

गोरख : आनतो.

यशोधरा : मला माफ करा, मावशी. आबांना शेवटचा नमस्कारसुद्धा नाही झाला माझ्याकडून.

रतनबाई : झाला की. तुमी त्यांच्या गाडीत हुत्या. ...कुटं बसल्या हुत्या, बाई?

यशोधरा : बसले नाही. आबा उभे राहायचे तिथं, दांडीला धरून उभी राहिले. संगमापर्यंत.

रतनबाई : बसायचं हुतं की, बाई. त्या दिशी तर रुमाल टाकायची बी गरज न्हवती.