मनीचं पुनावळ्याचं घर

पुनावळ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात सलिल कुत्रा घेऊन बसला होता. शेजारी शेळी घेऊन आलेल्या मंजुळाबाई टोपलीतल्या मनी मांजराची चौकशी करत होत्या. मांजर समोर बसलेल्या निवेदिताचं.

“खात न्हाई व्हय?”

“चिंचवडहून इथे राहायला आलो, तेव्हापासून पलंगाखालीच बसलीय, मावशी.”

“तिचं जुनं अंथरूण टाकलं का?”

“सगळं धुतलं हो. वास्तुशांत होती ना.”

“अगं बाई. मांजराला घर वासानं कळतं. तिकडलं न धुतलेलं काईच न्हाई?”

“सासूबाईंचं बोचकं आहे. परत जायचंय म्हणतात, सोडूच देत नाहीत. धड जेवतही नाहीत.”

सलिलचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

“मग त्या बोचक्यापाशी ठेव हिला. दोघीबी जेवतील.”