आत्याने चोक आत ढकलायला सांगितला

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमची आत्या टोकावड्याहून विलायती स्पोर्ट्स कार घेऊन पळाली होती. वय तेव्हा पंचाहत्तर!

शहापूरच्या माझ्या मित्राने, दिलीपने, इंग्रजांच्या काळातली एक बिनटपाची, दोन सीटची गाडी दुरुस्त केली होती. सुट्टीच्या दिवशी तो गावोगावच्या म्हाताऱ्यांना तिच्यातून फिरवून आणायचा. त्या दिवशी तो माझ्याबरोबर आत्याच्या दारात आला आणि मी उतरल्यावर त्याने तिला शेजारी बसवलं, तर गाडीच सुरू होईना.

दिलीप स्टार्टर मारून दमला. तेवढ्यात आत्या म्हणाली, "चोक आत ढकल रे. पेट्रोल जास्त झालंय."

आम्ही दोघं बघतच राहिलो. हिला कधी सायकलवरही कोणी पाहिलं नव्हतं.

"तू उतर. मी बघते."

दिलीप हसत उतरला. आत्या लुगडं आवरून स्टिअरिंगमागे सरकली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं. आता उतरेल असं वाटलं, तर तिने गिअर टाकला आणि ती थेट माळशेजच्या दिशेने निघून गेली! मी ओरडत मागे धावलो.

पंधरा मिनिटांनी ती परत आली आणि बरोब्बर दारात थांबली.

"आत्या, कुठं शिकलीस गो?"

"तानसाला. माजा बाप गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेब दुपारचा झोपला का त्याची गाडी मीच फिरवायची."

"मग आमाला इतकी वर्षं सांगितलं का नाय?"

आत्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुज्या आतोबाला मरेपर्यंत सायकल जमली नाय. त्याच्यासमोर कसं सांगणार?"