ढिगाचं माप

आमच्या आईनं बड्या साहेबाला म्युझियममधी कसं खाली उतरवलं, ते सांगितलं का तुमाला?

बहात्तरच्या दुष्काळाचं प्रदर्शन उभं करत होतो आमी, बीडला. आत शिरलं की मानूस थेट दुष्काळी कामावर, असं दालन. डोक्यावर उन्हासारखे दिवे, हातोड्यांचा आवाज, मधोमध खडीचा ढीग. उद्घाटनाआधी आईला दाखवायला नेलं. चौदा वर्षांची असताना तिनं तसल्याच कामावर खडी फोडलेली. तिनं दिव्यांकडं बघितलंबी न्हाई. खाली वाकून खडी उचलली.

"ही कुनी फोडली रे?"

पुण्याची डिझायनर सानिका म्हणाली, "मावशी, क्रशरवरून आणलीय."

"मंग आमी कुटं हाओत ह्यात?"

आईनं पदर खोचला, हातोडा आन् दगड मागितले आन् दोन दिवस बसून, स्वतः खडी फोडून नवा ढीग घातला. सानिकाबी शेजारी बसली. तिच्या हाताला लई फोड आले, पन उठली न्हाई.

उद्घाटनाच्या दिवशी साहेब फोटोसाठी सरळ ढिगावर चढले. आई गर्दीतून ओरडली, "ओ साहेब, उतरा खाली! माप व्हायचं हाय अजून. ढीग पसरला तर मजुरी कापतेत!"

साहेब मुकाट उतरले. पसरलेली खडी हातानं गोळा करून ढिगावर ठेवली.

आता तिथं माहितीचा लांबलचक फलक न्हाई. सानिकानं एवढीच पाटी लावलीय: 'पाय देऊ नका. माप व्हायचं आहे.' आन् खाली, डिझायनरचं नाव असतंय त्या जागी, आमच्या आईचं नाव हाय.